आजची किल्ली

किल्लीवाल्या काकांना कुणी विचारलं, की काका, आयुष्यातला तुमचा सगळ्यात मोठा गाढवपणा कोणता, तर ते लाजतबिजत नाहीत. "बस," म्हणतात. "स्टूल आधी पुसून घे, पितळेचा चुरा असेल. आणि मधेमधे हसू नकोस. हसायची जागा आली की मी सांगतो." आणि मग पहिल्याच वाक्याला स्वतःच हसतात.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खाच. काका अंगाने भरलेले, त्यामुळे आत जाताना त्यांना आडवं व्हावं लागतं. एकदा आत गेले की जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर पडत नाहीत. लोकांना वाटतं, काय हा कामाचा उरक! खरं कारण एवढंच, की पुन्हा आडवं होण्याचा कंटाळा. तीन भिंतींना खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, समोर किल्ली कापायचं मशीन. त्याला दोन पकडी, एकीत मूळ किल्ली धरायची, दुसरीत कोरी. चाक फिरलं की हिचे दात तिला. उजव्या हाताला कानशींचा डबा. डाव्या अंगठ्याचं नख काळं ठिक्कर, कारण पूर्वी कधीतरी हातोडी कुलपावर न बसता नखावर बसली. हे नख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धंदा वडिलांचा. त्यांनी मशीन दिलं आणि मशीनबरोबर एक वाक्य दिलं: "मालकाच्या हातून घ्यायची, मालकाच्या हातात द्यायची." मधे कुणी नाही, दीर नाही, भाडेकरू नाही, 'मी त्यांचा मित्र' नाही. एकदा एक जण साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा उमटवून घेऊन आला. काकांनी त्याला असं फैलावर घेतलं, की तो साबण तिथेच टाकून पळाला. बायकोने त्या साबणाने आठवडाभर कपडे धुतले, ती गोष्ट निराळी. पण बत्तीस वर्षांत काकांच्या मशीनवर एकही चोरटी किल्ली कापली गेली नाही. याचा त्यांना अभिमान होता. भलताच होता. जिन्याखाली मावेना म्हणून त्यांनी तो इंटरनेटवर नेऊन ठेवला.

झालं असं, की मोबाईलची कव्हरं विकणारा त्यांचा मेहुणा एकदा म्हणाला, "भाऊजी, तुमची कला लोकांना दिसायला पाहिजे." आणि चहा निवायच्या आत त्याने काकांच्या नावाने एक पेज उघडून दिलं. काकांनी पहिल्या दिवशी एका किल्लीचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत अकरा लाईक! काकांच्या लग्नाच्या फोटोलासुद्धा इतकी माणसं बरं म्हणाली नव्हती. तेव्हापासून रोज सकाळी 'आजची किल्ली'.

फोटो काढायची त्यांची रीत ठरलेली. मुलीच्या गणिताच्या चौकटीच्या वहीतलं पान फाडायचं, त्यावर किल्ली अगदी सरळ ठेवायची, अंगठ्याने टोक दाबून धरायचं आणि डावीकडून उजेड घ्यायचा. दातन्‌दात दिसला पाहिजे, नाहीतर कारागिरी कळणार कशी? मग शेजारी गिऱ्हाइकाचा हसरा फोटो, आणि खाली चार ओळी. काका लिहायचे भरभरून. 'आज निळ्या फाटकाच्या घरातल्या आमच्या शाळेच्या बाईंसाठी नवी किल्ली केली. बाई एकट्याच राहतात. मंगळवारपासून आठ दिवस बहिणीकडे चालल्या आहेत. बाई, निर्धास्त जा! तुमचं लॅच मी बसवलंय.'

तुमच्या लक्षात आलं ना? काकांच्या नाही आलं. सहा हजार माणसं रोज वा वा म्हणत होती, आणि वा वा ऐकायची सवय लागलेल्या माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

काकांना एकच मुलगी, पंधरा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी. आता ती तासन्‌तास एका जागी बसते, फिरतात फक्त तिचे अंगठे. तिचंही एक अकाउंट होतं, पण कुलूप लावलेलं. ती ओळखेल, ती हो म्हणेल, तोच आत. अशी आत माणसं किती? एक्केचाळीस. काकांना कीव यायची. "एक्केचाळीस! अगं, माझ्याकडे तेवढे लोक सकाळी दात घासता घासता येतात."

पण कीव करून काका थांबतील तर शपथ. पानावर बसले की त्यांचं भाषण सुरू. "मोबाईल म्हणजे घराचं दार आहे. दार उघडं टाकून कुणी झोपतं का? कोण येतं, कोण जातं, बापाला कळायला नको? काही वावगं दिसलं की फोन माझ्या ड्रॉवरमध्ये. कायमचा!" बायको दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून आलेली असायची. ती पोळी मोडता मोडता त्यांच्याबरोबर ओठ हलवायची, इतकं ते पाठ झालं होतं. भिंगरी मात्र फोन पालथा करून ठेवायची आणि मुकाट्याने जेवायची. तो पालथा फोन काकांच्या डोळ्यांत सलायचा. कर नाही त्याला डर कशाला?

त्यात शाळेत पालकांची सभा झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुढच्या शनिवारी मुलांच्या इंटरनेटच्या सवयींवर पालकांपैकीच कुणी बोललं तर बरं. वाक्य पुरं व्हायच्या आत काकांचा हात वर. बत्तीस वर्षं सुरक्षितता हाच ज्याचा धंदा, त्याने नाही बोलायचं तर कुणी? घरी येऊन त्यांनी ही बातमी दिली, तर भिंगरीचा चेहराच उतरला.

"बाबा, नको ना. प्लीज."

"का? तुला कसली भीती?"

ती काही बोलली नाही. काकांनी मनातल्या मनात त्या गप्प बसण्याचाही फोटो काढून ठेवला.

आता त्यांच्या शत्रूबद्दल सांगायला हवं. काकांच्या पेजवर एक निनावी प्राणी यायचा. नाव 'एक ग्राहक', फोटोच्या जागी शर्टाचं बटण. प्रत्येक किल्लीखाली तो अदबीने लिहायचा, 'काका, किल्लीचे दात झाकून फोटो टाका.' 'काका, पत्ता कशाला लिहिता?' काकांचं टाळकं सटकायचं. त्यांनी उत्तर दिलं, 'पुन्हा दातांबद्दल बोललास तर तुझे दात तुझ्या घशात घालीन,' आणि त्याला ब्लॉक केलं. चार दिवसांनी 'दुसरा ग्राहक' आला. बटण तेच, फक्त रंग वेगळा. तोही ब्लॉक. मग 'तिसरा ग्राहक'. काकांची खात्री होती, की हा टोपीवाला. रस्त्याच्या त्या टोकाला त्याचं किल्ल्यांचं दुकान. बारा महिने टोपी घालतो, आणि कुठल्याशा तिजोरीच्या कामावरून दोघांत नऊ वर्षं अबोला. जळतोय मेला, दुसरं काय!

बुधवारी दुपारी काका जेवायला घरी आले, तर भिंगरी न्हाणीघरात केस धूत होती आणि तिचा फोन टेबलावर पडला होता. पालथा.

काका खुर्चीवर बसले. उठले. पुन्हा बसले. मग त्यांनी फोन उचलला आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. आकडे दाबायच्या कुलपांवर कुठली बटणं झिजलीत ते बघून आकडा सांगणं त्यांच्या हातचा मळ, तिथे फोनच्या काचेवरचा बोटाचा पुसट माग तो काय! एक रेघ खाली, एक आडवी, एक तिरपी. पहिल्या फटक्यात उघडला. खोटं कशाला सांगा, एक क्षणभर काकांना स्वतःचं कौतुकच वाटलं. याचाही फोटो टाकता आला असता तर त्यांनी टाकला असता.

वरच एक ग्रुप होता, नाव 'चांडाळचौकडी'. सापडलं, काका म्हणाले. पण आत होतं काय? गृहपाठ. आजारी मांजराचं पिल्लू. कुणा सरांच्या मिशांवरून तब्बल चाळीस विनोद. काका वर सरकत गेले आणि एका ठिकाणी थांबले. चौघींपैकी एकीला कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला होता: 'तू खूप छान दिसतेस. एक फोटो पाठव. कुणाला सांगू नकोस.' त्याखाली बाकीच्या तिघींनी भराभर लिहिलं होतं, 'उत्तर देऊ नको.' 'पुसूनपण टाकू नको, स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर.' 'आईला आजच्या आज सांग, आम्ही तिघी येतो बरोबर.' आणि संध्याकाळचं त्या मुलीचं उत्तर, 'सांगितलं. आई ओरडली नाही. उद्या शाळेत येणार आहे.'

त्याखाली भिंगरीने लिहिलं होतं, 'तुझी आई बरी. मला असं काही आलं ना, तर मी घरी नाही सांगू शकणार. बाबा फोनच काढून घेतील.'

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग आणखी खाली कालचा मजकूर आला. 'बाबांनी तिसऱ्या ग्राहकालापण ब्लॉक केलं. बाईंच्या लॅचचे दात स्पष्ट दिसताहेत, आणि बाई गावाला जाणार तेपण लिहिलंय. आता चौथा ग्राहक काढते. बटणं संपत आली.'

न्हाणीघराची कडी वाजली. काकांनी फोन होता तस्सा पालथा ठेवला. केसांना पंचा गुंडाळून भिंगरी बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, घाम का आलाय तुम्हाला?"

"ऊन फार आहे."

"ढग आलेत," ती म्हणाली.

इथे कुणीही शहाणा माणूस काय करेल? उठेल आणि फोटो काढून टाकेल. काका उठले आणि दुकानात गेले. वाटेत त्यांनी स्वतःला समजावलं, फोटोवरून किल्ली कोण कापतंय! पण ते कुणाला फसवणार? चौकटींच्या कागदावर ठेवलेली किल्ली. एका चौकटीचं माप ठाऊक असलं की चौथीतलं पोरही दातांची उंची मोजेल. काकांनी स्वतः दहा मिनिटांत कापली असती. खरी अडचण वेगळीच होती. आज अचानक फोटो काढले तर भिंगरी विचारणार, आजच कसं सुचलं? मग बापाने चोरून फोन उघडला ते बाहेर पडणार. म्हणजे स्वतःची अब्रू झाकायला काकांनी बाईंच्या किल्लीचे दात आणखी एक दिवस उघडे ठेवले. "हे हसण्यासारखं नाही," काका इथे सांगतात. "इथे हसू नकोस."

गुरुवारी बाराच्या सुमारास जिन्याखाली अंधार झाला. काकांनी वर पाहिलं, तर दारात टोपी. नऊ वर्षांनंतर.

"मशीन बंद कर," टोपीवाला म्हणाला.

काकांनी केलं.

"सकाळी एक जण आला होता. मावशीची किल्ली हरवली म्हणाला. मोबाईलवर फोटो दाखवला, यावरून कापून दे. चौकटीचा कागद, वर किल्ली, आणि किल्लीच्या टोकावर अंगठा. काळ्या नखाचा. निळ्या फाटकाच्या बाईंची किल्ली ती."

काकांनी अंगठा मुठीत लपवला, आणि मग लपवून उपयोग नाही म्हणून पुन्हा उघडला.

"तू कापलीस?"

"तुझ्या वडिलांनी मलाही दोन वर्षं शिकवलंय," टोपीवाला म्हणाला. "हाकललं त्याला. पण बाजारात पुढे अजून दोघे बसतात. ते विचारत नाहीत, मावशी कुठेय म्हणून."

"फोटोतला अंगठा बघून ओळखलंस?"

"अंगठ्याची काय गरज? तुझं पेज मी रोज बघतो." टोपीवाला जिन्याबाहेर सरकला. "लाईक करत नाही, एवढंच."

काकांची पाचावर धारण बसली. त्यांनी बाईंना फोन लावला. या बाईंनी निम्म्या गावाला गणित शिकवलेलं, काकांनाही. आवाज अजून तसाच, फळ्यासमोर उभं केल्यासारखा.

"बाई, मी किल्लीवाला."

"ओळखलं. शेवटच्या बाकावरचा."

काकांनी सगळं सांगितलं. ततपप करत, पण सगळं.

"चौथीत तुला उत्तर आलं ना, की तू वही उंच करून सगळ्या वर्गाला दाखवायचास," बाई म्हणाल्या. "माझं बरोबर आलं, माझं बरोबर आलं! आणि अख्खा वर्ग बघून लिहायचा. पन्नाशीला आलास, तरी वही खाली नाही आली तुझी."

"चुकलं, बाई."

"चुकलंच. आता रडू नकोस, लॅच बदल. शेजाऱ्यांकडे माझी एक किल्ली आहे, त्यांना मी कळवते, ते दार उघडतील. ते समोर असल्याशिवाय हात लावू नकोस."

"नवी किल्ली माझ्याकडे ठेवू ना, तुम्ही येईपर्यंत?"

"तुझ्याकडे मुळीच नको. तुझी मुलगी यायची माझ्याकडे भूमितीला. तिच्याकडे दे. तिच्या पोटात राहतं."

बत्तीस वर्षं सगळं गाव ज्याच्या हाती किल्ल्या देत आलं, त्याला त्याच्या बाई म्हणाल्या, तुझ्याकडे नको. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते बाईंना नको होतं. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली, दुकानातून आडवे होऊन बाहेर पडले आणि घराकडे निघाले. तिथून शंभर पावलांवर घर, पण त्या दिवशी ते अंतर संपता संपेना.

भिंगरी शाळेतून नुकतीच आली होती. बूटही काढले नव्हते.

"तुझा फोन मी काल उघडला," काका म्हणाले. आधी टोपीवाल्याचं सांगायचं, मग बाईंचं, मग हळूच हे, असं वाटेत ठरवलं होतं. तोंडातून हेच पहिलं पडलं. "काचेवरचा माग बघून. सगळं वाचलं. चौकडीचं, ग्राहकांचं, तू माझ्याबद्दल लिहिलेलं."

भिंगरीने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग तिचे डोळे भरून आले, आणि आवाज मात्र चढला.

"गिऱ्हाईक दारात नसताना तुम्ही कधी कुणाचं कुलूप उघडलंय, बाबा?"

"नाही."

"एकदा तरी?"

"कधीच नाही."

"मग माझं?"

काकांजवळ दाराचं भाषण नव्हतं, बापाचा हक्क नव्हता, काही नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की पोरगी रडतेय, आणि ती त्यांच्यामुळे रडतेय.

मग त्यांनी टोपीवाल्याची हकीकत सांगितली. भिंगरीने मनगटाने डोळे पुसले. "मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. "पण आधी बाईंचं दार. चला."

निळ्या फाटकाशी शेजारचे आजोबा किल्ली घेऊन उभेच होते. दार उघडून ते बाजूला झाले आणि काका कामाला लागले. ते स्क्रू काढत होते आणि भिंगरी पायरीवर बसून त्यांच्या पेजवरच्या किल्ल्या मोजत होती.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "पुसायच्या तुम्ही. मी हात लावणार नाही."

लॅच बसवून झाल्यावर काका पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि एकेक फोटो काढत गेले. दर वेळी फोन विचारायचा, 'नक्की काढून टाकायचा?' काका म्हणाले, "बघ, याला दर वेळी विचारायचं सुचतं. टाकताना मला एकदाही नाही सुचलं." भिंगरी हसली नाही. साठाव्या किल्लीशी मात्र तिने पाण्याची बाटली पुढे केली.

नवी किल्ली तिने मुठीत घेतली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकली. तिथून काका आणि टोपीवाला मिळून पोलीस चौकीत गेले. साहेबांनी माणसाचं वर्णन लिहून घेतलं, मग काकांकडे बघून विचारलं, "आणि हा फोटो टाकला कुणी?" काकांनी बोट वर केलं, पुन्हा एकदा, वर्गात करतात तसं.

शुक्रवारी सकाळी ते दार बघायला गेले. लॅचच्या तोंडावर दोन ताजे ओरखडे होते, आणि खाली उंबऱ्यावर चिमूटभर पितळेचा पिवळा चुरा. घाईने कापलेल्या, कानस न मारलेल्या किल्लीतून असा चुरा सांडतो. कुणीतरी येऊन फिरवून पाहिली होती. काका उंबऱ्यावरच बसले. एक दिवस. सगळा फरक एका दिवसाचा, आणि तो दिवसही त्यांनी जवळजवळ घालवलाच होता.

शनिवारी शाळेत जाण्याआधी त्यांनी भिंगरीला विचारलं, "जाऊ का?"

"जा. पण ते दाराचं भाषण नको. तुमचं सांगा. माझं काही सांगायचं नाही."

काका गेले आणि स्वतःचं सांगितलं. चौकटीचा कागद, काळं नख, सहा हजार वा वा, चौथीतली उंच धरलेली वही, सगळं. चौकडीचं अक्षर काढलं नाही. पालक आधी गालात हसले, मग मोठ्याने हसले, आणि मग एकेक जण खिशातून फोन काढून खाली मान घालून काहीतरी पुसू लागला. मागच्या रांगेत टोपीवाला होता. त्याला शाळेत जाणारं कुणी नाही, तरी आला होता.

पुढचे दोन महिने काका दारोदार फिरले. दोनशे चौदा घरं. प्रत्येक दारात तेच वाक्य, "तुमच्या किल्लीचा फोटो मी जगाला दाखवला, लॅच बदलून द्यायला आलोय." कुणी शिव्या दिल्या, कुणी चहा दिला, एका आजींनी दोन्ही दिलं. त्यातली निम्मी कुलपं टोपीवाल्याने बसवली. बोलणं अजून फारसं नाही, पण पान्हा मागितला की देतो.

घरात मात्र भिंगरी तुटक वागायची. फोनवर तिने नवा पॅटर्न ठेवला, तोही काकांसमोर, पाठ फिरवून. मग फोन टेबलावर ठेवून ती पाणी प्यायला गेली. काच उजेडात होती. काकांनी तोंड दुसरीकडे वळवलं, आणि तसंच वळवून ठेवून, सदऱ्याच्या टोकाने काच पुसून टाकली. स्वयंपाकघराच्या दारातून तिने ते पाहिलं की नाही, काकांनी कधी विचारलं नाही. फोनची उलटतपासणी बंद, ड्रॉवरची धमकी बंद. बायको म्हणाली, "अहो, जेवताना आता फारच शांत वाटतं. काहीतरी बोला, बाकी काही नाही तर हवामानावर."

असे तीन-चार महिने गेले. एका दुपारी काका एका किल्लीला कानस मारत होते, तेवढ्यात जिन्याखाली शाळेचा गणवेश दिसला. भिंगरी. दुकानात ती सहसा येत नसे, पितळ केसांत जातं म्हणून. चेहरा पांढराफटक. तिने पॅटर्न काढला, फोन उघडला आणि त्यांच्या समोर धरला.

"बाबा, हे वाचा. काल आलंय. मला भीती वाटतेय."

काकांनी मशीन बंद केलं, हात चांगले दोनदा पुसले आणि फोन घेतला. कुणी अनोळखी. गोड बोलणं, मग आर्जव, मग धमकी. उठावं, तो माणूस शोधावा, फोन भिंतीवर आपटावा, तो ड्रॉवर उघडावा, सगळं एकदम मनात आलं. त्यांनी ते सगळं गिळलं. शेवटपर्यंत वाचलं.

"स्क्रीनशॉट काढलेस?"

"हो."

"उत्तर?"

"नाही दिलं."

"शहाणी आहेस. तुझ्या बापापेक्षा तर कितीतरी." त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. "आईला दवाखान्यातून बोलावून घेऊ, मग तिघं मिळून त्या चौकीतल्या साहेबांकडे जाऊ. ते मला ओळखतात."

भिंगरीने फोनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "परत दिलात?"

"मालकाच्या हातून घेतला," काका म्हणाले, "मालकाच्या हातात दिला." आणि ते वळून कानशी डब्यात ठेवू लागले. मग आडवे होऊन दुकानाबाहेर आले, आणि कुलूप लावायला किल्ली तिच्याकडे दिली.